वारा पडल्यावर

हिवाळा आला की लोक मला ज्योतिषी समजायला लागतात. एरवी मस्कतमध्ये हवामानाचं कोणाला काही पडलेलं नसतं. उन्हाळ्यात अंदाज तो काय सांगायचा? गरम आहे, हे दार उघडल्यावर कळतंच. पण डिसेंबर-जानेवारीत इराणच्या बाजूने थंड हवा खाली सरकू लागली की माझा फोन वाजायला लागतो. 'जबल शम्सवर बर्फ पडेल का हो?' मराठी मंडळातल्या बायका, मुलीच्या वर्गातल्या मुलांच्या आया, किराणावाला, सगळे. जबल शम्स हा इथला सगळ्यात उंच डोंगर. वर्षातून एखाद्या वेळी त्याच्या डोक्यावर पांढरं काहीतरी दिसतं, तेही दुपारपर्यंत वितळतं, आणि ते बघायला सगळं शहर गाड्या काढून निघतं. एका बाईंनी तर मला विचारलं होतं, 'शुक्रवारी किती वाजता आहे?' बर्फ म्हणजे नाटकाचा प्रयोगच जणू.

मी मस्कतच्या बौशर भागातल्या एका लहानशा खाजगी कंपनीत हवामानाचे अंदाज देते. बंदरं, उंच क्रेन चालवणारे बिल्डर, डोंगरावरचे कॅम्प ही आमची गिऱ्हाइकं. त्यांना बर्फाशी देणंघेणं नसतं, त्यांना वारा हवा असतो. बर्फाचं गणित तसं सोपं आहे. हवेत कितव्या मीटरवर शून्य अंश होतंय ते बघायचं, ते डोंगराच्या माथ्याखाली उतरलं आणि त्याच वेळी पुरेसा ओलावा असला, तर पडेल. नाही तर नुसताच पाऊस, नाही तर गारा. वाऱ्याचं तसं नाही. वारा दरीत शिरला की मनाला येईल तसा वागतो, आणि आमची सगळी मॉडेल्स त्याच्यापुढे हात टेकतात.

माझा नवरा याच डोंगरावरच्या एका कॅम्पवर सुपरवायझर होता. दरीच्या काठापासून थोडं आत तंबू, मागे दगडी खोल्या, एक स्वयंपाकघर, आणि अगदी काठाजवळ पाहुण्यांना बसून कॉफी प्यायला कापडाचा मोठा मंडप. तो आठवडाभर वर आणि आम्ही दोघी, मी आणि मुलगी, खाली. सुट्टीच्या दिवशी पाहुणे जास्त, म्हणजे तो घरी यायचा मधल्याच वारी. आमचा संसार फोनवर चालला. माझ्या फोनमध्ये त्या कॅम्पच्या मोबाइलचा नंबर 'डोंगर' या नावाने आहे. मुलगी लहान असताना ओरडत यायची, 'आई, डोंगर कॉलिंग!'

कॅम्पच्या आसपास वारा मोजायचं यंत्र नव्हतं. सगळ्यात जवळचं यंत्र पार दुसऱ्या अंगाला. म्हणून मी त्याला सांगून ठेवलं होतं, रोज संध्याकाळी फोन बाहेर धर आणि मला नुसता वारा रेकॉर्ड करून पाठव. त्यावरून मला आकडा मिळत नसे, पण आपण दिलेला अंदाज साफ चुकलाय की नाही एवढं कळे. हळूहळू ती सवयच झाली. लोकांचे नवरे संध्याकाळी फोन करून 'जेवलीस का' विचारतात, माझा नवरा वारा पाठवायचा. एकदा मला फसवायला त्याने फोनवर स्वतःच फुंकर मारली. मी कळवलं, 'या वाऱ्याला कांद्याचा वास येतोय.' तो दोन दिवस हसत होता. मला तो 'आमची वेधशाळा' म्हणायचा, आणि वेधशाळेबद्दल मराठी माणूस जे जे बोलतो ते सगळं मला ऐकवायचा.

तो रायगडच्या किनाऱ्यावरचा. मी देशावरची, आमच्याकडे समुद्र म्हणजे शाळेच्या सहलीत बघायची वस्तू. लग्नानंतर त्याच्या गावी गेले तेव्हा त्याने मला वारे शिकवले. दिवसा समुद्रावरून येतो तो खारा वारा. रात्री जमिनीवरून समुद्राकडे जातो तो मतलई. आणि तिन्हीसांजेला, एक थांबलेला असतो आणि दुसरा सुटलेला नसतो, तेव्हा वारा पडतो. माडाची झावळी हलत नाही. तेवढ्यात सगळं गाव बाहेर येतं. होड्या पुन्हा नीट बांधायच्या, वाळत घातलेली जाळी गुंडाळायची, ताडपत्र्या सोडायच्या, जे जे दिवसभर वाऱ्याने करू दिलेलं नसतं ते सगळं तेव्हा. कोणी कोणाला सांगत नाही. वारा पडला की पाय आपोआप उंबऱ्याबाहेर. किनाऱ्यावरच्या पोरांच्या अंगात ते चालायला लागायच्या आधीच भिनलेलं असतं.

हिवाळ्यात ओमानच्या डोंगरावरही वारा पडतो. पण ते पडणं वेगळं. थंड हवेचा पट्टा येतो त्याच्या आधी आग्नेयेकडून जोराचा वारा असतो. पट्टा डोंगरावर आला की तो वारा एकदम थांबतो. मग पलीकडून, बरोबर उलट्या बाजूने, वायव्येचा वारा येतो, आणि तो आधीच्या दुप्पट असतो. मधली शांतता कधी तासाभराची असते, कधी चहा उकळेपर्यंतची. ती किती टिकेल हे मला आजवर सांगता आलेलं नाही, आणि दुसऱ्या कोणाला आलेलं मी पाहिलेलं नाही.

हे मी त्याला कितीदा सांगितलं होतं. त्या दिवशीच्या इशाऱ्यातही लिहिलेलं होतं, मीच लिहिलं होतं, इंग्रजीत आणि अरबीत, आणि त्याने तो कॅम्पच्या भिंतीवर लावलाही होता. संध्याकाळी मी मुलीला क्लासवरून घेऊन येत होते. सिग्नलला थांबले तर 'डोंगर'चा मेसेज. मी लावला. काहीच ऐकू येईना, आवाज मोठा केला तरी नाही. शेवटी त्याचा आवाज आला. 'अगं ऐक. वारा पडला. तेवढ्यात मंडप सोडून येतो.'

मी तिथल्या तिथे फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला, पुन्हा वाजत राहिला. फोन स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवून तो बाहेर गेला होता. मंडपाचे दोर सोडून झाले असतील, कापड हातात असेल, तेवढ्यात पलीकडचा वारा आला. कापडासकट त्याला घेऊन गेला. सकाळी तो दरीत सापडला.

भेटायला आलेले लोक माझ्या तोंडाकडे बघत होते, मला काहीतरी वाटत असेल म्हणून. हवामान सांगणाऱ्या बाईचा नवरा वाऱ्याने गेला. एकीने तर माझा हात धरून सांगितलं, 'स्वतःला दोष नको देऊ गं.' मी कशाला दोष देऊ? माझा अंदाज बरोबर होता. चूक त्याची होती, आणि ती मी अजून माफ केलेली नाही. एका मंडपासाठी! अर्बाब, म्हणजे कॅम्पचा ओमानी मालक, माझ्यासमोर बसून लहान मुलासारखा रडला. त्याने मंडप सोडायला सांगितलंच नव्हतं. कोणीच सांगितलं नव्हतं. गावच्या तिन्हीसांजेने त्याला बाहेर बोलावलं आणि हा शहाणा गेला.

तो मेसेज मी पुन्हा कधी लावला नाही, पुसलाही नाही. 'डोंगर' उघडलं की सगळ्यात खाली तोच होता. खरं तर लावायची गरजच नव्हती. आमच्या फ्लॅटच्या न्हाणीघरात हवा जायला पत्र्याची झडप आहे, वारा असला की ती खडखडते. खडखडते तेव्हा मला काही वाटत नाही. ती गप्प झाली की मी हातातलं काम टाकून उभी राहते. स्वयंपाक करताना, केस विंचरताना, भर दुपारीसुद्धा. कोणीतरी 'येतो' म्हणून गेलंय आणि दाराशी पोचलेलं नाही असं वाटतं. मुलीलाही ते माहीत झालंय. झडप थांबली की ती टीव्हीचा आवाज मोठा करते.

मग माझ्या धाकट्या दिरांनी त्याची जागा घेतली. ते सहम नावाच्या गावी एका दुकानात होते. समुद्राजवळ, बरं चाललं होतं. अर्बाबने विचारलं आणि हे गृहस्थ हो म्हणून मोकळे. मी खूप भांडले. 'भाऊजी, जगात दुसरी नोकरी नाही का?' तर म्हणाले, 'वहिनी, दादाचं सगळं सामान तिकडंच हाय. कुणीतरी राहायला नको?' ते त्याच खोलीत राहायला लागले. त्यांच्याबद्दल एक मात्र सांगायला हवं. कॅम्पचा तो मोबाइल त्यांच्याच ताब्यात असे, पाहुण्यांची सगळी बुकिंग त्यावरच, पण मला त्यांनी त्यावरून एकदाही फोन केला नाही. नेहमी स्वतःच्या नंबरवरून. मी सांगितलं नव्हतं, त्यांनाच कळलं.

दोघा भावांचा आवाज एक. समोर असले तर फरक कळतो, फोनवर कळत नाही. सुरुवातीला त्यांनी 'वहिनी' म्हणेपर्यंत मी श्वास धरून राहत असे.

यंदा जानेवारीत तसाच पट्टा निघाला. चार दिवस आधीपासून दिसत होता. शून्य अंशाची पातळी माथ्याच्या बरीच खाली येत होती, ओलावा होता, म्हणजे बर्फाची शक्यता चांगली. आणि मागून वायव्येचा जबरदस्त वारा. बर्फाची बातमी कशी कोण जाणे बाहेर पसरली आणि कॅम्प भरला. मी अर्बाबला फोन करून कॅम्प बंद करा म्हटलं. त्याने अर्ध्या पाहुण्यांना परत पाठवलं, पण काही कुटुंबं आधीच वर पोचली होती आणि घाटाच्या कच्च्या रस्त्यावर पाणी आल्यामुळे आता उतरवणं जास्त धोक्याचं होतं. तंबू काढून सगळ्यांना दगडी खोल्यांत घेतलं. काठाजवळचा मंडप तेवढा राहिला होता. नवा, त्याच जागी. आग्नेयेच्या वाऱ्यात तो सोडता येईना.

मी दिरांना फोन केला.

'भाऊजी, संध्याकाळच्या सुमाराला वारा पडेल.'

'व्हय वहिनी, वाचलंय.'

'वाचलंत ते ठीक. तुमच्या भावानेही वाचलं होतं. वारा पडला की तुमचे पाय शिवशिवतील. तुम्हाला मंडप दिसेल. जाऊ नका.'

'इन्शाल्ला काय नाय होणार.'

'इन्शाल्ला नको. नाही जाणार म्हणा.'

ते म्हणाले, 'अर्बाबचा मंडप नवा हाय वहिनी.' आणि फोन कट झाला. नेटवर्क गेलं होतं की त्यांनी ठेवला, कळायला मार्ग नव्हता.

मला दुसरं काही सुचेना. बाई, तू एका दरीत दोन भाऊ घालवणार, असं कोणीतरी कानात म्हणत होतं, आणि तो आवाज माझाच होता. मुलगी शाळेतून थेट ऑफिसला आली, माझ्या शेजारच्या खुर्चीत बसून गृहपाठ करू लागली. तिने विचारलं, 'आई, काकाला... तू टेल केलंस ना? बाहेर नाही जायचं ते?' मी म्हटलं, केलं. 'मग तो ऐकेल?' मी स्क्रीनकडे बघत राहिले. इब्री हे गाव डोंगराच्या पश्चिमेला आहे, पट्टा आधी तिथे पोचतो. दुपारनंतर इब्रीचा वारा मंदावला. थोड्या वेळाने वायव्येचा झाला आणि भराभर वाढायला लागला. म्हणजे डोंगरावर आता शांतता होत आली असणार. मी दिरांना फोन लावला, बंद. परत लावला, बंद. खिडकीबाहेर ऊन उतरत होतं. त्यांच्या गावात या वेळी जाळी गुंडाळतात.

दुसरा नंबर मला माहीत होता. 'डोंगर'. तो लावायला बोट पुढे केलं आणि तिथेच थांबलं. एकदा तो नंबर वाजत राहिलेला मी ऐकलाय. परत ऐकण्याची माझी छाती नव्हती. मी फोन टेबलावर उपडा ठेवला.

तेवढ्यात तो थरथरला.

मुलीने उचलून बघितला. 'आई, डोंगर,' ती म्हणाली. 'व्हॉइस मेसेज आहे.' मी हात पुढे केला नाही. मला जमलंच नाही. तिनेच उघडला आणि घाईत बोट लावलं.

काही ऐकू येईना. नुसती शांतता. आवाज मोठा करायला मी सांगणार तोच ऐकू आलं, 'अगं ऐक. वारा पडला. तेवढ्यात मंडप सोडून येतो.'

तिचं बोट वरच्या, जुन्या मेसेजवर पडलं होतं. हे मला नंतर कळलं. त्या क्षणी कळलं नाही. त्या क्षणी तो जुना की आताचा, नवरा गेला की दीर निघालेत, मला काही उमगेना. मी खुर्चीचा हात धरला. मुलगी रडायला लागली होती. मेसेज संपला, आणि त्याच्या खाली त्याला लागूनच असलेला दुसरा आपोआप सुरू झाला.

पुन्हा तीच शांतता. अगदी तशीच, जणू मध्ये काही झालंच नव्हतं. कोणाचे तरी पाय खडीवर वाजले, थांबले. मग परत वाजले, आता झपझप, जवळ जवळ येत. दार लागलं. आणि त्याच्यावर वारा आला. असा वारा मी कधी फोनवर ऐकला नव्हता, फोनचा छोटा स्पीकरसुद्धा फाटल्यासारखा वाजला. दार हादरत होतं, काहीतरी कापडाचं लांब कुठेतरी फाटत, फडफडत गेलं. मग धापा टाकत, त्याच आवाजात:

'आत आलो. कडी घातली.'

'किती वेळ लावलास रे,' मी म्हणाले. मोठ्याने, सगळ्या ऑफिससमोर.

वारा वाजत राहिला. मग तोच आवाज पुढे म्हणाला, 'वहिनी, माझ्या फोनची बॅटरी गेली, इथं लाइट नाय. म्हणून हा फोन घेतला, माफ करा. मंडपापर्यंत गेलो होतो. दोर हातात घेतला. मग तुमचं बोलणं आठवलं आणि सोडून पळत आलो. मंडप गेला, खलास. पाहुणे सगळे आत हायत. वर माथ्यावर पांढरं दिसत होतं. तुमचं बरोबर निघालं.'

मुलीने डोळे पुसले आणि माझ्याकडे फोन दिला. मी 'डोंगर' लावला. एकदा वाजला आणि उचलला.

'हां, बोला वहिनी.'

खूप बोलायचं होतं. तुमच्या भावाला कोणी असं अडवलं असतं तर, हे बोलायचं होतं, आणि मंडपापर्यंत तरी कशाला गेलात म्हणून चांगलं झापायचंही होतं. तिकडे ते वाट बघत होते, त्यांच्या मागे दार धडधडत होतं.

'वहिनी? ऐकताय ना?'

'ऐकतेय,' मी म्हटलं. 'तुम्ही नका बोलू. फोन जरा दाराशी धरा.'